दाराची जबानी

आपल्याकडे गृहस्थाश्रमातील रागाची फिर्याद तोंडी मांडण्याचा शिरस्ता नाही. ती पातेल्यामार्फत, पोळपाटामार्फत, तांब्याच्या बुडामार्फत, आणि प्रक्षोभ अगदीच अनावर झाला तर कपाटाच्या दारामार्फत रुजू करावयाची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसलेला गृहस्थ डोळे अग्रलेखावर ठेवून कान मात्र स्वयंपाकघराकडे लावतो, तो ह्या फिर्यादींची बारनिशी करण्यासाठीच. कोणते भांडे कोणत्या उंचीवरून ओट्यावर आले, झाकण ठेवले की टाकले, दार लोटले की आपटले, एवढ्या तपशिलावरून आपला अपराध किरकोळ आहे की दखलपात्र आहे, हे ताडण्याची जी विद्या मराठी पुरुषाच्या अंगी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच बाणते, तिचा अभ्यासक्रम कोणत्याही विद्यापीठाने अद्याप तयार केलेला नाही. ही गोष्ट विद्यापीठांच्या दृष्टीने खेदाची असली तरी विद्येच्या दृष्टीने इष्टच म्हणावयाची, कारण परीक्षा सुरू होताच ती विद्या लोप पावली असती.

ह्या सर्व साक्षीदारांत दाराचा दर्जा वरचा. भांडे ओल्या हातातून निसटू शकते, आणि म्हणून भांड्याच्या बाबतीत आरोपीला संशयाचा फायदा देता येतो. दार मात्र आपण होऊन निसटत नाही, त्याला कोणीतरी लोटावेच लागते, आणि म्हणून त्याच्या आवाजामागे हेतू आहे असेच न्यायासनाला धरून चालावे लागते. माझ्या लहानपणीच्या वाड्यातील फडताळाचे दार ह्या बाबतीत अत्यंत सचोटीचे होते. सागवानी फळ्या, लोखंडी बिजागऱ्या, वर एक कडी, आणि स्वतःचे असे मत मुळीच नाही. हळू लोटले तर ते हळू मिटे, जोराने लोटले तर जोराने आपटे, आणि श्रावणात लाकूड फुगले म्हणजे कितीही लोटले तरी मिटतच नसे. त्या महिन्यात घरात कोण कोणावर रागावले आहे याचा दाराकडून काहीच बोध होत नसे, आणि बहुधा त्याच कारणाने आमची आजी श्रावणाला सर्वांत पवित्र महिना मानीत असावी.

फडताळ गेले, वाडा गेला, आणि सहकारी गृहरचना संस्थेतील सदनिका आली, तेव्हा प्रारंभी ओट्याखाली काळ्या कडप्प्याचे उघडे कप्पे असत आणि त्यांच्यापुढे स्प्रिंगच्या तारेवर ओवलेला फुलाफुलांचा पडदा असे. साक्षीदार म्हणून हा पडदा निव्वळ मुका. तो कितीही त्वेषाने ओढला तरी त्यातून कोणाविरुद्ध काही शाबीत होत नसे, आणि त्यामुळे त्या काळात संतापाचा सगळा भार स्टीलच्या मांडणीवर व तीतल्या ताटांवर पडे. पुढे पडदा मागासलेला ठरला. ओट्याखाली ट्रॉल्या आल्या, ओट्यावर कपाटे टांगली गेली, प्लायवूडवर सनमायका चढला, आणि ज्या स्वयंपाकघरात पूर्वी एक फडताळ आणि एक जाळीचे कपाट एवढीच काय ती दारे होती, तेथे दारांची एक अख्खी पलटण उभी राहिली.

भिंतीला जखडलेल्या कपाटांच्या ह्या स्वयंपाकघराचा मूळ पुरुष शोधू गेल्यास आपण १९२६ सालच्या फ्रँकफुर्टला पोहोचतो, आणि तेथे पुरुषाऐवजी एक बाई भेटते. त्या नगरीत अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली सामान्य उत्पन्नाच्या लोकांसाठी हजारो घरे उठत होती, आणि त्यांतील स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पी बाईंकडे सोपविलेला होता. जेमतेम साडेसहा चौरस मीटरांची ती खोली; आगगाडीच्या डब्यातील मुदपाकखान्याचा आदर्श समोर ठेवलेला; गृहिणीची पावले किती वाचतील आणि हात कोठवर पोहोचेल, याचा हिशेब घड्याळ लावून केलेला. आणि एवढे सगळे करणाऱ्या ह्या बाईंनी पुढे मोकळ्या मनाने सांगून टाकले, की तो आराखडा करीपर्यंत त्यांनी घर असे कधी चालविले नव्हते आणि स्वयंपाकही केला नव्हता. आमच्या इमारतीच्या वास्तुशिल्पकाने असे काही कबूल केल्याचे ऐकिवात नाही. पण आमच्या ओट्याची उंची पाहता कबुलीजबाबाची आवश्यकताही नाही.

कपाटे आली, त्यांच्यामागून त्यांची बिजागरी आली, आणि अनर्थाला तेथून प्रारंभ झाला. बाहेरून काही दिसू नये म्हणून ही बिजागरी आतल्या आत लपविलेली असते. दाराच्या आतल्या अंगाला ३५ मिलिमीटर व्यासाचे गोल भोक पाडतात, त्यात तिची वाटी बसते, आणि वाटीतून निघालेला दांडा कपाटाच्या कुशीत स्क्रूंनी पक्का होतो. सुतारमंडळी हिला ‘ऑटो हिंज’ म्हणतात, आणि त्यातला ‘ऑटो’ आहे तो हा, की तिच्या पोटात एक स्प्रिंग दडलेली असून, दार बरेचसे मिटत आले की ती कोणाचीही परवानगी न घेता उरलेल्या कामाचा मक्ता स्वतःकडे घेते आणि दार धाडकन बंद करते. कडी नको, खिटी नको, चुंबक नको. सोय म्हणून ही युक्ती निर्विवाद आहे. साक्षीदार म्हणून मात्र ही बिजागरी पक्की कूटसाक्षी. फडताळाचे दार हाताचा जोर जसाच्या तसा सांगे. ही बिजागरी हाताने काहीही केले असले तरी प्रत्येक वेळी एकच जबानी देते, आणि ती म्हणजे, मला रागाने आपटले.

पहाटे साडेपाचला अत्यंत निर्मळ अंतःकरणाने चहाचा डबा काढणारी सौभाग्यवती दार हलकेच लोटते, स्प्रिंग आपले काम करते, आणि आतल्या खोलीत पांघरुणात असलेला मी दचकून आदल्या रात्रीचे संभाषण आठवू लागतो. दुसरे दार वाजते, साखरेचे; मी परवाच्या रात्रीपर्यंत मागे जातो. तिसरे दार वाजते तेव्हा मी तिच्या माहेरच्या मंडळींविषयी गेल्या दिवाळीत केलेल्या एका विधानापाशी येऊन ठेपलेला असतो, आणि चहा घेऊन ती खोलीत येते तो मी उठून बसून ते विधान बिनशर्त मागे घेतो. ज्या अपराधांची फिर्यादीला वार्तासुद्धा नव्हती, ते आरोपीने आपण होऊन कबूल करावे, आणि त्यावरून मग खराच खटला उभा राहावा, असे प्रसंग केवळ त्या स्प्रिंगपायी आमच्या घरी वारंवार घडले. दुसऱ्या बाजूने, मी मध्यरात्री शेंगदाण्याचा डबा उघडला तर त्याचाही निष्कर्ष, जेवण आवडले नाही म्हणून आदळआपट चालली आहे, असा निघे. घरातील प्रत्येक मनुष्य दुसऱ्याच्या दृष्टीने अहोरात्र रागावलेला, आणि रागावलेले वस्तुतः कोणीच नाही.

तथापि घरातल्या घरात हा मामला आणखी किती वर्षे चालला असता कोण जाणे. त्याला बाहेरून वाचा फोडली ती शेजाऱ्यांनी. आमची वरची कपाटे ज्या भिंतीवर टांगलेली आहेत, तिच्या पलीकडच्या अंगाला शेजाऱ्यांचे देवघर आहे, आणि शेजारी हे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे, दारावर टकटक करून बोलण्याऐवजी त्यांनी रीतसर अर्ज दिला. विषय: सामाईक भिंतीवरील आघातांबाबत. अर्जदाराच्या देवघरातील बाळकृष्णाची पितळी मूर्ती रोज प्रातःकाळी जाबदेणार यांच्या कपाटाच्या प्रत्येक आघातासरशी किंचित पूर्वेकडे सरकते, व आठवड्याअखेर ती शंखाच्या हद्दीत शिरलेली आढळते, सबब योग्य तो बंदोबस्त व्हावा, असा मुख्य मुद्दा; आणि त्याखाली कलम दुसरे, की उपरोक्त आघातांच्या संख्येवरून व तीव्रतेवरून जाबदेणार यांच्या कुटुंबात गंभीर स्वरूपाचे मतभेद असावेत असा अर्जदाराचा समज झाला असून, तसे असल्यास अर्जदार मध्यस्थीस तयार आहे.

“बाळकृष्णाचं समजू शकते मी,” सौभाग्यवती म्हणाली, “पण मतभेद? अहो, आता हे खाली दूधवाल्यापर्यंत गेलं असणार!” आणि तिने तो अर्ज चहाच्या कपाटात ठेवून दार लोटले, ते अर्थातच धाडकन मिटले, आणि पलीकडे कलम दुसऱ्याच्या पुष्ट्यर्थ आणखी एक नोंद झाली असणार.

अशा प्रसंगी मनुष्य प्रथम स्वस्त उपाय पाहतो. हार्डवेअरच्या दुकानात पारदर्शक रबराची चिकट बटणे मिळतात. ती दाराच्या कोपऱ्यांत चिकटविली, की ‘धाड’चे ‘धप्‌’ होते. बाळकृष्णाच्या स्थलांतराचा वेग त्याने मंदावला, थांबला नाही. शिवाय फोडणीच्या वाफेने त्यांतली काही बटणे सुटून पोह्यांत सापडली. म्हणून अखेरीस सॉफ्ट क्लोजचा विचार करणे प्राप्त झाले.

ही यंत्रणा म्हणजे करंगळीएवढी किंवा त्याहूनही लहान नळी, तीत दाट तेल, तेलात दट्ट्या, आणि तेलाला दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जावयास ठेवलेली एक सूक्ष्म वाट. दार दट्ट्याला ढकलू लागले की तेलाला त्या अरुंद वाटेने पलीकडे जावे लागते, आणि तेलाच्या स्वभावात घाई नाही. खरी मौज पुढेच आहे. येथे प्रतिकार वाढतो तो वेगाबरोबर. सौम्यपणे याल तर तेल सौम्यपणे वाट देते; आवेशाने याल तर तितक्याच आवेशाने अडवते, आणि सगळा आवेश अल्पशा उष्णतेत जिरवून टाकते. मनुष्याच्या संतापाने तेल तापविण्याची ही कल्पना ऐकून मला क्षणभर गॅसच्या बचतीची आशा वाटली, परंतु मोहरी तडतडण्याइतका संताप एका कुटुंबात साठत नाही.

युक्ती नवी नाही. १८९७ साली फ्रेंच सैन्याने ७५ मिलिमीटर तोंडाची जी तोफ स्वीकारली, तिच्यात हेच तत्त्व तेल आणि दाबलेली हवा यांच्या जोडीने वापरलेले होते. त्यापूर्वीच्या तोफा प्रत्येक बाराबरोबर गाड्यासकट मागे उसळत, आणि गोलंदाजांना ते धूड पुन्हा जागेवर आणून नव्याने नेम धरावा लागे. ह्या तोफेची फक्त नळी मागे सरके, धक्का तेलात व हवेत जिरे, आणि नळी मुकाट्याने पूर्वस्थळी येई. योगायोग असा, की त्याच १८९७ साली व्हिएन्नात आमच्या मार्गारेटेबाई जन्मल्या आणि त्याच साली मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलुपांचा उद्योग आरंभिला. म्हणजे कपाट, कुलूप आणि दट्ट्या ही तिन्ही एकाच वर्षाची अपत्ये. आम्हां पुणेकरांना मात्र ते वर्ष प्लेग आणि रँडसाहेब यांच्यापायीच स्मरते. दारे त्या वर्षी पुण्यातही पुष्कळ वाजली, पण ती बाहेरून.

तोफेतला हा शांतपणा स्वयंपाकघरात उतरावयास शंभर वर्षे लागली. ऑस्ट्रियातील ब्लुम कंपनीने आपली हळुवार मिटणारी यंत्रणा २००१ साली बाजारात आणली. तिचा संस्थापक ज्युलियस ब्लुम याने १९५२ साली धंद्याला आरंभ केला होता तो घोड्यांच्या नालांत, पाय घसरू नयेत म्हणून, बसवावयाच्या खिळ्यांपासून. ज्या घराण्याचे पहिले उत्पन्न टापांच्या आवाजावर झाले, त्याने पुढे आवाज बंद करण्याचा व्यापार करावा, यात मला तरी एक प्रकारची परिमार्जनाची भावना दिसते.

आमच्यासारख्या जुन्या कपाटांना ही यंत्रणा मागाहून बसवावयाची तर मार्ग एकाहून अधिक आहेत. जुनी बिजागरी तशीच ठेवून तिच्या दांड्यावर दट्ट्याची टोपी चढवावी. किंवा दाराच्या मोकळ्या कोपऱ्यासमोर, कपाटाच्या आतल्या अंगाला, स्वतंत्र नळी स्क्रूने ठोकावी. अथवा बिजागरीच बदलून, जिच्या पोटातच तेल आहे अशी नवी घालावी. यांपैकी टोपीचा मार्ग कागदावर फार सुंदर आहे, पण ती टोपी ज्या घराण्याची त्याच घराण्याची बिजागरी लागते, आणि आमच्या बिजागऱ्यांना कुलशील असे नव्हतेच. स्वतंत्र नळीविरुद्ध माझी तक्रार नाही, मात्र वाट्या मांडताना ती मनगटाला लागते, आणि आवाज थांबविण्याच्या साधनाने स्वतःच “आई गं!” असा आवाज काढावयास लावणे हे काही खरे नव्हे. माझे मत विचाराल तर बिजागरी बदलावी. तीस वर्षांच्या खोट्या साक्षीदाराला चार शब्द शिकवून सुधारण्यापेक्षा त्याला सेवानिवृत्त करणे बरे.

भवानी पेठेतील टिंबर मार्केट हे ह्या व्यवहाराचे तीर्थक्षेत्र. तेथे गल्ल्यावरच्या गृहस्थाने मान वर न करता विचारले, “झिरो, आठ की सोळा?” हा प्रश्न प्रथमच ऐकणाऱ्याला परीक्षेच्या स्वप्नासारखा वाटतो. त्याचा अर्थ असा, की बिजागरीच्या दांड्याला वाक किती हवा. दार जेथे कपाटाच्या बाजूच्या फळीची पूर्ण कड झाकते तेथे झिरो. एकाच मधल्या फळीवर दोन दारे अर्धी-अर्धी वाटणी करून राहतात तेथे आठ. आणि दार जेथे चौकटीच्या आत बसते तेथे सोळा. मागून आलेले सुतार “चार जोडी झिरो, दोन आठ, हायड्रॉलिकवाली” असे म्हणून चालते झाले, आणि ज्या दारांमागचे पोहे मी इतकी वर्षे खाल्ले त्यांचे गोत्रसुद्धा मला ठाऊक नाही, ह्या जाणिवेने मी बाजूला उभा राहिलो. अखेर सौभाग्यवतीने घरून मोबाइलवर दारांची छायाचित्रे धाडली, गल्ल्यावरच्या गृहस्थाने अंगठ्याने ती मागेपुढे सरकवून आमची कुंडली मांडली, आणि निकाल दिला: आमच्या स्वयंपाकघरात तिन्ही गोत्रांचा संकर आहे.

मग मिस्त्री आले. ते मूळचे राजस्थानचे, पण इतकी वर्षे पेठांत काम केल्यामुळे त्यांच्या बोलण्यात पुणेरी निःसंदिग्धपणा आलेला. सामानाच्या पिशवीला हात न लावता त्यांनी प्रथम सर्व दारांचा पंचनामा केला; प्रत्येक दार उघडले, मिटले, आणि डॉक्टर छातीचे ठोके ऐकतात तसे मान तिरपी करून ऐकले. “साहेब,” ते म्हणाले, “पहिलं दार सरळ करायचं, मंग हळू. वाकडं दार हळू केलं तर हळूहळू वाकडंच लागणार.” ह्या वाक्यावर एखाद्या समाजसुधारकाने प्रबंध लिहिला असता, मिस्त्रींनी पेचकस काढला. बिजागरीला तीन दिशांची सोय असते: एका स्क्रूने दार डावी-उजवीकडे सरते, दुसऱ्याने आत-बाहेर, आणि बुडाच्या पट्टीवरील स्क्रू सैल केले म्हणजे वर-खाली. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असे करता करता, इतकी वर्षे एकमेकांना खांदे मारीत उभी असलेली आमची दारे कवायतीच्या रांगेत आली. जेथे जुनी भोके झिजून स्क्रू नुसते फिरत होते, तेथे त्यांनी आगपेटीतील काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकांत ठोकल्या आणि वरून स्क्रू पिळला. आज आमच्या स्वयंपाकघरातील डझनभर दारे आगकाड्यांच्या आधाराने उभी असून त्यांच्यापासून हातभर अंतरावर गॅस पेटतो. परंतु गुल आधीच तोडून टाकला असल्याची ग्वाही मिस्त्रींनी दिली आहे.

एका ठिकाणी मात्र अतिरेक झाला. मसाल्याचे दार बोटभर रुंद म्हणावे असे, वजनाने तर पुठ्ठ्याचे. त्यालाही दोन तेलाच्या बिजागऱ्या बसल्या, आणि त्या एवढ्याशा जिवाला दोन दट्ट्यांशी झुंज देऊन मिटणे अशक्यप्राय झाले. ते निघे, मध्यावर विचारात पडे, आणि अनेकदा चार अंगुळे उघडेच राही, जणू आतला हिंग बाहेर येण्याची वाट पाहत आहे. बऱ्या प्रतीच्या बिजागरीवर दट्ट्या बंद करण्याचा एक इवला खटका असतो; मिस्त्रींनी दोहोंपैकी एकीचा खटका सरकविला, आणि मसाला मार्गी लागला. उलट तांदळाच्या मोठ्या दाराला तीन बिजागऱ्या, तिन्ही तेलाच्या, आणि ते मिटताना दरबारातून माघारी पावलांनी निघालेल्या सरदारासारखे अदबीने मिटते.

काम झाल्यावर ही यंत्रणा पाहावयास येणाऱ्यांत सांगलीच्या आत्याबाई प्रमुख होत्या. दार अर्धे लोटून निघून जावे, उरलेले ते आपले आपण करील, ही गोष्ट त्यांच्या संस्कारांत बसेना. अर्धवट टाकून जाणे म्हणजे आळस, आणि आळसाला तेल घालणे म्हणजे कलियुग. त्या दाराला तळवा लावून शेवटपर्यंत दाबीत, दट्ट्या आपल्या धर्माप्रमाणे प्रतिकार करी, आणि त्या पदर खोचून आणखी जोर लावीत. “मेलं दार माझ्याशी जोर करतंय!” मिस्त्रींनी हात जोडून सांगितले, “आत्याजी, ढकलू नका, आतली नळी बसेल.” त्यावर आत्याबाई म्हणाल्या, की नळी बसू दे, पण घरात दार उघडं असताना मी बसायची नाही.

आता मूळ खटल्याकडे येतो. आवाज गेला, हे निर्विवाद. बाळकृष्ण आपल्या जागी स्थिर असल्याची लेखी पोच अव्वल कारकुनांनी पाठविली, आणि तीत, मतभेदांचेही निराकरण झालेले पाहून अर्जदारास समाधान वाटते, असा शेराही मारला. येथेच त्यांची अनुभवी दृष्टी फसली. जुनी बिजागरी सर्वांना रागीट ठरवीत होती. नवी सर्वांना शांत ठरविते, आणि सत्याशी दोघींचाही संबंध सारखाच. पहिली खोटा साक्षीदार होती, ही फितविलेली आहे, एवढाच काय तो भेद. आणि हिच्या फितुरीचा करारही दीर्घ मुदतीचा. युरोपीय मानकातील वरच्या दर्जाच्या बिजागरीला ८०,००० वेळा उघडझाप सोसून दाखवावी लागते. दिवसाकाठी वीस वेळा दार उघडले असे धरले, तरी अकराएक वर्षे ती अखंड सांगत राहणार, की घरात सर्व क्षेम आहे.

ह्या क्षेमाचा पहिला प्रत्यय आम्हांला लवकरच आला. कोणत्याशा लग्नाला जावयाचे की नाही ह्या विषयावर माझ्याकडून एक उत्तर गेले, आणि सौभाग्यवतीने वाटीभर डाळ काढून डाळीचे दार पूर्ण शक्तीनिशी लोटले. दार त्वेषाने निघाले, शेवटच्या वितीवर आले, थबकले, आणि मग एखाद्या थोर गवयाने समेवर यावे तशा निवांतपणाने येऊ लागले. ती तेथेच उभी. निघून जावे तर वाक्य अपुरे राहते, उभे राहावे तर त्या मंदगती दाराकडे पाहत राहावे लागते. आणि रागावलेल्या मनुष्याला दोन सेकंद थांबावयास लावणे याहून मोठा उपमर्द नाही. बाहेरच्या खोलीत माझ्या कानी काहीच न आल्यामुळे तिने उत्तर गोड मानून घेतले असे समजून मी आणखी एक उत्तर दिले. पुढचा तपशील येथे देत नाही.

शिवाय हात बिघडतात, ते वेगळेच. तेल आहे ह्या भरवशावर दार बेधडक फेकण्याची सवय एकदा मनगटाला लागली, की ती परगृही आवरत नाही. मेव्हण्यांच्या घरी सौभाग्यवतीने प्रेमाने भावजयीला मदत म्हणून साखरेचा डबा जागेवर ठेवला आणि आमच्या घरच्याप्रमाणे दार सोडून दिले. तेथे जुनी स्प्रिंग असल्याने बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. भावजयीने शिऱ्यात साखर कमी पडली का, असे तीनदा विचारले, आणि निघताना आमच्याबरोबर साखर घालून केलेल्या दुसऱ्या शिऱ्याचा डबा दिला. उलट आमच्याकडे आलेले पाहुणे दार मिटेपर्यंत हात धरून उभे राहतात, फ्रिजचे दार मात्र तसेच टाकतात, कारण ह्या घरात सगळेच आपोआप मिटते असा त्यांचा ग्रह होतो.

एक दार मात्र सुधारणेतून सुटले. सिंकखालचे, जेथे कचऱ्याची बादली असते ते. तेथे सततच्या ओलीने प्लाय फुगलेला, त्याचे पापुद्रे सुटलेले, मिस्त्रींनी नखाने तो टोकरून पाहिला आणि म्हणाले, “ह्याच्यात स्क्रू धरत नाय, साहेब. सगळा प्लाय बदला, तेव्हा बोलवा.” तेव्हा खर्च वाढल्यामुळे मीही आग्रह धरला नाही, आणि तेथली जुनी स्प्रिंगवाली बिजागरी जागेवर राहिली. ती भिंत शेजाऱ्यांची नाही, इमारतीच्या बाहेरची आहे. तिच्या पलीकडे देव नाहीत, फक्त कबुतरे आहेत. मध्यंतरी मिस्त्री दुसऱ्या कामासाठी वरच्या मजल्यावर आले असता, जाता जाता प्लायचे माप घेऊ का, असे विचारावयास डोकावले. मी काही बोलण्यापूर्वीच सौभाग्यवतीने, कन्येने आणि त्या सुमारास मुक्कामास असलेल्या आत्याबाईंनीही एकमुखाने नकार दिला. ह्या घरात तीन स्त्रियांचे एकमत झाल्याचा दुसरा दाखला माझ्या दप्तरात नाही.

तेव्हापासून आमच्या घरी कोणाचे काही बिनसले, की तो मनुष्य तडक उठतो, हाताला लागेल ते साल, देठ किंवा कागदाचा कपटा घेतो, आणि सिंकपाशी जाऊन केर टाकतो. लग्नाचा विषय परवा पुन्हा निघाला. त्या संध्याकाळी आमची बादली चार वेळा भरली, आणि चौथ्या वेळी तीत मी पूर्ण वाचून न झालेले वर्तमानपत्र होते.